नसलेले सिग्नल

मी संशयी माणूस आहे, हे बायकोने मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. तिचं खोटं नाही. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. बाहेरून येणारा प्रत्येक भाग खराब आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघालाच तर नाइलाजाने पुढे सोडायचा, हे माझं काम. आमच्याकडे शंका आली की आधी लाल टॅग, मग चौकशी. टॅगवर मालाचा नंबर असतो, माणसाचं नाव नसतं. वीस वर्षं हे केल्यावर कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी सोडून बघतो. त्यात आमची इमारत बिल्डरने वाकड म्हणून विकली आणि पोस्टमन पत्र आणतो ते काळेवाडीचा पत्ता वाचून. तेव्हा माझा स्वभाव अगदीच बिनबुडाचा आहे, असंही म्हणता येणार नाही.

माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. मालगाड्या चालवल्या, मग एक्स्प्रेस चालवल्या, निवृत्त झाले आणि पेपर वाचत, शेजाऱ्यांना वेळेवर न येण्याबद्दल झापत आमच्याकडे राहू लागले. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण शब्द तोंडाशी येऊन अडत. पाणी हवं असलं की "ते... ते..." म्हणायचे, आणि आम्ही चुकीची वस्तू पुढे केली की चिडून भिंतीकडे तोंड करायचे. ज्या माणसाचा आवाज इंजिनाच्या वरून ऐकू जायचा तो असा मुका बसलेला बघून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी डॉक्टरांवर संशय घ्यायचो.

मला कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा नाद आहे. पंचेचाळिशीच्या माणसाने चारचौघांत सांगावं असं हे नाही, पण आहे. त्या खेळात मुळात परदेशातले लोहमार्ग मिळतात. आपला पुणे-लोणावळा मार्ग हौशी लोकांनी घरी बसून बनवला आणि एका साइटवर फुकट ठेवला. कुणी स्टेशनं बनवतं, कुणी डबे, कुणी नुसती झाडं. ही असली अ‍ॅड-ऑन एकेक उतरवून घ्यायची आणि आपल्या मशीनवर मार्ग उभा करायचा. एखादं राहिलं तर त्या जागी खेळात काहीच दिसत नाही. फलाट असतो, छप्पर नसतं.

एका रविवारी दुपारी मी खेळत होतो आणि वडील मागे खुर्चीत बसले होते. आकुर्डीच्या अलीकडे स्टेशनात शिरायचा सिग्नल, होम, दिसला आणि पाठीमागून आवाज आला, "होम... हिरवा."

मला वाटलं टीव्ही लागला. वळून बघितलं तर वडील पडद्याकडे बघत होते आणि माझ्याकडे रागाने. मी उत्तर दिलं नव्हतं म्हणून. इंजिनात दोघंजण असतात. सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. दुसऱ्याने म्हटल्याशिवाय ते धरत नाहीत. लहानपणी वडील आम्हाला स्कूटरवरून चौकात नेताना हेच करायला लावायचे. मी घाईघाईने म्हटलं, "होम हिरवा." त्यांनी मान हलवली. असिस्टंट मंद आहे पण चालेल, अशी.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तासभर त्यांच्या डाव्या हाताने गाडी चालू लागली. शिफ्टहून आलो की मी शेजारी बसायचो. "स्टार्टर हिरवा." "स्टार्टर हिरवा." "डबल पिवळा." "डबल पिवळा." बाकी दिवसभर "ते... ते..." पण सिग्नल मात्र खणखणीत. वाचेचे उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या की सवयीचं बोलणं डोक्यात वेगळ्या खणात राहतं, ते शाबूत राहिलंय. "ही वाट उघडी ठेवा. तिच्या मागून बाकीचे शब्द आले तर येतील. बंद मात्र पडू देऊ नका." आले तर, असं म्हणाल्या त्या. दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नसतं. पण दुसरा उपाय नव्हता, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवला.

आणि लॅपटॉपची डिस्क गेली.

काळेवाडीत एक दुकानदार आहे. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हा लॅपटॉप करतो. त्याने नवी डिस्क घातली, खेळ परत टाकला, मी साइटवरून मार्ग परत उतरवला. संध्याकाळी वडिलांना बसवलं. खेळ सुरू होताना लाल अक्षरांत एक यादी आली, अमुक सापडलं नाही, तमुक सापडलं नाही. मी ती पुढे ढकलली. गाडी चिंचवडच्या फलाटाला उभी होती. रूळ होते, पूल होता, झाडं होती. सिग्नल एकही नव्हता.

वडिलांनी पुढे बघितलं. ब्रेक काढला नाही.

"बाबा, चला. नाहीयेत तर नाहीयेत. खेळ आहे हा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांना दारू पिऊन इंजिनात चढायला सांगत होतो. मग मला आठवलं. रेल्वेत नियमच आहे की सिग्नल जिथे असायला हवा तिथे दिसला नाही, तर तो लाल आहे असं समजून थांबायचं. चाळीस वर्षं त्या नियमाने जगलेला माणूस. तासभर आम्ही दोघं चिंचवडला उभे होतो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसायलाच तयार होईनात. दहा दिवसांत त्यांच्या तोंडून "ते... ते..." सुद्धा कमी झालं. ती वाट माझ्या डोळ्यांदेखत बुजत होती, आणि मी भयंकर घाबरलो होतो.

घाबरलो की मी आरोपी शोधतो. पहिला अर्थात दुकानदार. सिग्नलचं अ‍ॅड-ऑन त्याने मुद्दाम काढून ठेवलं असणार, दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हो ना, अख्ख्या काळेवाडीत सिग्नलची टंचाईच आहे." तरीही मी गेलो. जुनी डिस्क कुठाय, असं दरडावून विचारलं. त्याने खणातून पुडी काढली. तिच्यावर माझं नाव, तारीख आणि "डिलीट नाही करायचं" असं लिहिलेलं.

"साहेब, मला काय करायचं तुमच्या सिग्नलचं?" तो म्हणाला. "डिस्क मरते तेव्हा जे हाताला लागतं ते काढतो. अजून एकदा बघतो, वाटल्यास समोर बसा."

मी समोर बसलो. त्याने दोन तास खटपट केली आणि सिग्नलच्या फोल्डरमधली एकच छोटी फाईल वाचवली. बनवणाऱ्याने लिहिलेली चिठ्ठी होती ती. मराठीत. "हे सिग्नल मी स्वतः बनवलेत. आमच्या चाकणला रेल्वे नाही, म्हणून दर सुट्टीला तळेगावला जाऊन बघून येतो. वापरा." खाली त्याचं साइटवरचं टोपणनाव. दुकानदाराने निघताना मला पाणी विचारलं. मी घेतलं, पण माफी काही मागितली नाही.

घरी येऊन साइटवर ते टोपणनाव शोधलं. पान बंद. "नक्कल केलेल्या मालाबद्दल तक्रार आल्यामुळे या सदस्याचं सगळं साहित्य काढून टाकलं आहे."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. चोर निघाला तर! या नादात असले पुष्कळ आहेत. दुसऱ्याने बनवलेलं इंजिन उचलायचं, रंग बदलायचा आणि आपलं म्हणून चढवायचं. मी स्वतः अशा दहा-बारा मालांवर तक्रारी केलेल्या होत्या आणि त्याचा मला अभिमान होता. पण चोराचे का होईना, सिग्नल मला हवे होते. हौशी लोकांच्या ग्रुपवर विचारलं तर सगळे माझ्यासारखेच निघाले. एकाने विचारलं, तुम्हाला कशाला हवेत. दुसरा म्हणाला, माझ्याकडे आहेत पण बदल्यात काय देता. तिसऱ्याने त्या माणसाचा फोन नंबर दिला आणि लगेच मेसेज पुसून टाकला. दुधाने तोंड पोळलेल्यांची अख्खी पंगत होती ती.

फोन केला. मी वडिलांचं सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "या की रविवारी. फस्ट शिफ्ट करून मी दोनला घरी असतोय."

चाकणच्या पुढे, गोदामांच्या पत्र्यांमधून आत गेलेल्या रस्त्यावर त्याचं गाव. शेतकऱ्याचं घर, अर्ध्या रानात कांदा, अर्ध्यात कुणाचीतरी भाड्याची शेड. तो माझ्याच वयाचा, प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला, एका बोटाचं टोक गेलेलं. कॉम्प्युटर धान्याच्या कणगीशेजारी. मी दारातच मनाशी ठरवलं होतं, हा काहीतरी मागणार.

त्याने काही मागितलं नाही. सिग्नल दाखवले. प्रत्येक खांब वेगळा होता. कुठे शिडीचं एक पाऊल वाकलेलं, कुठे नंबराच्या पाटीवर गंज. "तळेगावचा ह्यो बघा, जरा कललाय. खराच कललाय त्यो." दर सुट्टीला फलाटाच्या टोकाला उभं राहून या माणसाने हे वहीत टिपलं होतं.

"मग साइटवरून का काढलं?" मी विचारलं. पुरावा तपासल्यासारखं.

"सिग्नलचं न्हाई वो. मी डबे बी चढवले व्हते. ते एका नागपूरच्या काकांनी बनवलेले. त्यांनी फोनवर सांगितलं, रंगव आन् टाक, माझं आता डोळं काम करत न्हाईत. आन् मग ते वारले. कुणीतरी तक्रार केली. साइटवाले म्हनले, परवानगीचा कागद दाखवा. आता मेलेल्या मानसाचा कागद कुठनं आनू? त्यांनी माझं समदंच काढलं. डबे, सिग्नल, समदं." तो कॉम्प्युटरकडे वळला. "तक्रार लई पक्की लिवलेली हाय. कंपनीतला मानूस असंल."

त्याने ती उघडून दाखवली. साइटने तक्रार करणाऱ्याचं नाव झाकून त्याला पाठवलेली. तीन मथळे होते. निरीक्षण. पुरावा. अपेक्षित कारवाई. निरीक्षणात लिहिलं होतं की चाकांची रचना अमुक फाईलशी जुळते, सबब माल संशयास्पद.

"सबब" हा शब्द मी वापरतो. ते मथळे आमच्या रिजेक्शन रिपोर्टचे. तक्रारीत त्याचं टोपणनाव कुठेच नव्हतं, फक्त फाईलचा नंबर होता. तो मीच लिहिला होता, लाल टॅगवर लिहितो तसा. मी मान खाली घालून चहा प्यायलो. त्याच्या आईने शेंगदाण्याचा लाडू दिला, तोही खाल्ला.

"नुसती फाईल देऊन भागायचं न्हाई," तो म्हणाला. "त्यो मार्ग मधी बदललाय, येकेक खांब जागेवर रोवायला लागंल. पुढल्या रविवारी मीच येतो तुमच्याकडं. बाबांना बी भेटंन. ड्रायव्हर मानूस मी अजून जवळनं पायला न्हाई."

तो आठवडा मी कसा काढला ते मला ठाऊक. परतताना मोशीच्या आसपास संशय सुरू झाला, की त्याला सगळं कळलंय. पत्ता विचारून घेणं, एवढी आपुलकी, स्वतः येतो म्हणणं. तोंडावर पकडायला येतोय. की सिग्नलमध्ये काहीतरी खोट ठेवून जाणार? बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्याला सांग." मी म्हटलं, आधी सिग्नल बसू देत. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी तसंच ठेवलं.

रविवारी तो आला. पायताण दाराबाहेर काढून, वडिलांच्या पाया पडून, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. पुण्याकडून सुरुवात केली. वही मांडीवर, एकेक खांब रोवत निघाला. आकुर्डीपर्यंत आला तेव्हा गाडी चिंचवडला उभी करून म्हणाला, "बाबा, बघा बरं हाय का नीट."

वडील पुढे सरकले. चिंचवडचा स्टार्टर, फलाटावरून निघायचा सिग्नल, पडद्यावर उभा होता. त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले.

"स्टार्टर... पिवळा."

मी तोंड उघडायच्या आत तो प्रेस शॉपमधल्या आवाजात ओरडला, "स्टार्टर पिवळा!" वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग ब्रेक काढला. इतक्या दिवसांनी गाडी हलली. स्वयंपाकघराच्या दारात बायको तोंडावर पदर धरून उभी होती. ती चहा ठेवायला आत गेली.

आकुर्डीपर्यंत दोघं गेले. पुढचे खांब अजून रोवायचे होते, म्हणून गाडी उभी केली. फाईल चढायला वेळ लागत होता. तो इकडे तिकडे बघत होता. टेबलावर माझी कंपनीची फाईल पडली होती. वरचाच कागद त्याने वाचला आणि म्हणाला, "तुमच्यात बी असंच लिवत्यात का? निरीक्षण, पुरावा..."

आला मुद्द्यावर, मला वाटलं. आठवडाभर दाबलेलं सगळं उसळून वर आलं.

"आडून कशाला विचारता?" मी म्हणालो. आवाज चढलाच. "तुम्हाला पहिल्यापासून माहितीये ना? हो, मीच केली ती तक्रार. मीच. आता बोला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काही माहीत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मीसुद्धा त्यावर शंका घेऊ शकलो नाही.

"आमच्या कंपनीत बी ह्योच फॉर्म हाय," तो हळू म्हणाला. "म्हून इचारलं."

खाई त्याला खवखवे, दुसरं काय. मी माफी मागू लागलो, साइटला लिहितो, तक्रार मागे घेतो, वगैरे वगैरे. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. मग त्याने एकच विचारलं.

"त्या डब्यांच्या चिठ्ठीत माझा नंबर व्हता. वर लिवलं व्हतं, काय चूक दिसली तर फोन करा. तुमी फोन का न्हाई केला?"

मी ती चिठ्ठी उघडलीच नव्हती. चाकं मोजली होती, एका डब्याची दुसऱ्याशी जुळवून बघितली होती, सहा चित्रं पुरावा म्हणून जोडली होती. चिठ्ठी वाचली नव्हती. तसं मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि पडद्याकडे वळला.

"तळेगावपातुर अकरा राह्यलेत," म्हणाला. "तेवढे बसवतो."

अकराच्या अकरा बसवले. कललेला खांब कललेलाच ठेवला. मधे मधे वडिलांना विचारत होता, "बाबा, हितं बरोबर?" आणि वडील डावा हात हलवून हो म्हणत होते. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. बायकोने चहा आणून टेबलावर ठेवला होता. त्यावर साय धरली. काम झाल्यावर त्याने वही पिशवीत घातली, परत वडिलांच्या पाया पडला आणि उठला.

"अहो, चहा?" बायको म्हणाली.

"नगं वैनी."

"निदान पाणी तरी."

"नगं." तो दारात पायताण घालत असताना मी पुन्हा म्हणालो की आजच्या आज साइटला लिहितो. "लिवा न्हाईतर नका लिवू," तो म्हणाला आणि जिन्याने खाली गेला. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही.

मी त्याच दिवशी लिहिलं. साइटवाल्यांचं उत्तर आलं की बंद केलेलं पान परत उघडता येत नाही. पण ते नंतरचं. त्या क्षणी मी दार लावून आत आलो आणि वडिलांच्या शेजारी बसलो. गाडी आकुर्डीला उभी होती, पुढे तळेगावपर्यंत सगळे सिग्नल होते. मी म्हटलं, "चला बाबा."

त्यांनी ब्रेकला हात लावला नाही. ते टेबलावरच्या कपाकडे बघत होते. ओठ हलायला लागले. मला वाटलं, स्टार्टर म्हणतील.

"त्यानं..." ते म्हणाले. गळ्याची शीर ताठ झाली होती. "त्यानं... चहा... का नाही घेतला?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको दारात आली. दीड वर्ष आम्ही दोघं ज्याची वाट बघत होतो ते हेच, सिग्नल सोडून दुसरं वाक्य, पूर्ण, अर्थाचं, माणसाला माणसाने विचारावं तसं. मला आनंदाने ओरडायला हवं होतं. मी खाली बघत बसलो.

मी काही बोलत नाही असं बघून त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी एकही शब्द अडला नाही.